अर्थ लागेपर्यंतचं खमीर

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता. वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लिहायचा नाही. संपादकांच्या भाचीच्या वाट्याला दोन इंग्रजी शब्द आले, ‘फर्मेंटेशन’ आणि ‘फेस्टिव्हल’. पहिल्यासाठी ती बेकरीत शिरली... आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या बेकरीवाल्यावर आदळली.

“अहो, बघून—”

“बघायलाच आलेय,” ती नाकावरचं पीठ पुसत म्हणाली.

त्याने भांड्याचं झाकण उचललं. आजोबांच्या वेळचं खमीर. एक बुडबुडा हळूच फुगला, फुटला. मग दुसरा. दोघांचाही श्वास थांबला. खमिराचा मात्र चालूच.

“हे... जिवंत आहे?”

“आहे की. रोज भूक लागते त्याला.” त्याने बरणीत थोडं काढून दिलं. “न्या. पण उपाशी ठेवू नका.”

“परत कधी आणू?”

“अर्थ लागला की.”

तो काही लवकर लागेना. बरणी टेबलाच्या खणात ठेवून ती खमिराला रोज पीठ घालायची आणि रोज बेकरीत जाऊन तेच तेच विचारायची. शेजारच्या टेबलावरून मी सगळं बघत होतो.

गावच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी बेकरीवालाच कचेरीत आला. तोंड उतरलेलं.

“भांडं भट्टीपाशी राहिलं. खमीर मेलं. उद्या गावाला पाव नाही, आजोबांचं नावही बुडालं.”

“पण भट्टीपाशी राहिलंच कसं?”

“तुम्ही येताय का ते बघत... दारात उभा होतो.”

ती लाल झाली. तिने टेबलाचा खण ओढला.

आता काय सांगू! लाडावलेलं ते खमीर खणातून जे उसळलं, ते टेबल आणि टेबलावर दुपारच्या डुलकीला आडवे झालेले आमचे संपादक, दोघांना घेऊन थेट छताला भिडलं. संपादकांच्या टकलाचा डाग छतावर अजून आहे, या आणि बघा. कचेरीभर गोडसर आंबूस वास. बेकरीवाला मान वर करून लहान मुलासारखा बघत राहिला.

“एवढं... कसं काय?”

“तुम्हीच म्हणालात ना, उपाशी ठेवू नका.”

“अगं, अर्थ लिहिलास का?” वरून मामांचा आवाज.

“लिहिते, मामा. रोज थोडं थोडं दिलं की गुपचूप वाढत जातं, ते.”

“हे पिठाचंच ना?”

तिने बेकरीवाल्याकडे पाहिलं. “डोळ्यांनी पाहिलंय, मामा. नियमाप्रमाणे.”

“आणि ‘फेस्टिव्हल’?”

बेकरीवाल्याने पिठाचा हात पुढे केला. “तो... आमच्याकडे येऊन बघाल?”

दुसऱ्या दिवशी गावाने पोटभर पाव खाल्ला. तिच्या त्या दुसऱ्या शब्दाची जागा मात्र कोशात आजही कोरी आहे. केस पांढरे झाले तिचे, तरी विचारलं की पिठाचे हात झटकत म्हणते, “थांबा हो, अजून बघून झालेलं नाही.”