उशीने जिंकलेला डाव

"परत निळाच जिंकला!" चिमटीने आपली पिवळी सोंगटी पटावर आपटली. "मी नाही खेळत जा!"

"हरलं की रडायचं!" चहा पिता पिता काका हसला. "जरा डोकं चालव."

काकाने नोकरी सोडून हा खेळ बनवला होता. अनोळखी बेट शोधायचं. आपले मजूर जंगलात, गुहेत नाहीतर होडीत पाठवायचे. एका जागी एकच मजूर. सुरुवात निळ्याची. आज छापखान्याचे मालक पट न्यायला येणार होते. एकदा छपाई झाली की राहिलेली चूक खोक्याखोक्यांतून घरोघरी जाणार!

"ताई, काल मी निळा होतो," ढब्बू म्हणाला. "नुसती बिस्किटं खात होतो. तरी जिंकलो!"

"तू जिंकलास तेव्हाच मला संशय आला," ताई म्हणाली. तिने दिवाणावरची उशी ओढली. "आता ही निळी. हिला डोकं नाही. होडी रिकामी असली तर होडीत, नाहीतर दिसेल त्या जागी. बस्स!"

उशी जिंकली!

मग ताईच्या लक्षात आलं. होडीत जाणाऱ्याला नवा प्रदेश मिळायचा, आणि वर पुढच्या फेरीत पहिली पाळीही! म्हणजे होडी परत त्याचीच. बाकीच्यांनी काठावर लाकडं वेचायची!

"काका, तुझा खेळ चुकलाय!"

"वर्षभर खेळून पाहिलाय मी, छापखानेवाल्यांबरोबर. तुम्ही काल आलात!"

मोठ्यांना चूक दाखवली की ते आधी तुमचं वय बघतात. चूक नंतर, तीही जमलं तर.

तेवढ्यात मालक आलेच. ताई दारातच आडवी उभी राहिली. "तुम्ही आणि काका उशीशी एक डाव खेळा. जिंकलात तर पट न्या. हरलात तर छपाई थांबवा!"

"उशीशी?" मालक पोट धरून हसले. "चला, बसा!"

थोड्याच वेळात दोघांचं हसू आटलं.

"अहो, होडी अडवा की!" काका ओरडला.

"कशी अडवू? दरवेळी तीच आधी जातेय!"

"आवाज नको," ढब्बू म्हणाला. "उशी विचार करतेय."

उशीने दोघांना लोळवलं.

"आपण खेळायचो तेव्हा असं कसं झालं नाही?" काकाने घाम पुसला.

"झालं की! दरवेळी तुम्हीच जिंकायचात." मालक ओशाळले. "तुमचं घर, तुमचा खेळ. म्हणून निळा मी तुम्हालाच द्यायचो. आधी तुम्ही!"

"आणि मी स्वतःला हुशार समजत होतो!" काका खाली बसला. "आता काय करायचं?"

"होडी परत यायला वेळ लागतो ना?" चिमटी म्हणाली. "मग होडीत गेलेला पुढच्या फेरीत शेवटी!"

सगळ्यांनी लगेच नवा डाव मांडला. होडी कधी ढब्बूकडे, कधी मालकांकडे. शेवटपर्यंत कोण जिंकणार ते कळेना! मालक जिंकले, चिमटी थोडक्यात दुसरी आली.

"हरले!" ती टाळ्या पिटत नाचली. "आणखी एक डाव!"

"चुकलं माझं," काका म्हणाला. "तुमची डोकी माझ्यापेक्षा चांगली चालतात. खोक्यावर तुमची नावं छापू."

"आणि उशीचं?" ढब्बूने विचारलं.

"तिचं सगळ्यात वर," मालक म्हणाले. "सबंध वर्षात यांना हरवणारी ती पहिलीच!"