सागोबाईंचा ड्रमसेट

जुनं वाद्य समोर आलं की अराबा क्वान्सा आधी त्याच्याकडे बघत नसे, त्याच्यावरून हात फिरवत असे. ताकोराडी बंदराच्या बाजारात तिचं दुकान होतं. जुन्या गिटारी, कर्णे, ड्रम घ्यायचे आणि विकायचे. किंमत सांगताना तिची जीभ कधी अडखळली नाही, हे तिच्यावर जळणारेही कबूल करत.

शेजारच्या सेकोंडी गावात सागोबाईंच्या घरी ती गेली ती याच तोऱ्यात. सागोबाईंचे यजमान एकेकाळी बंदरावरच्या हॉटेलात, हायलाइफ म्हणजे तिथल्या नाचाच्या संगीताच्या बँडमध्ये ड्रम वाजवत. ते जाऊन थोडेच महिने झाले होते. ड्रमसेट मागच्या खोलीत, समुद्राकडच्या खिडकीखाली होता. साठच्या दशकातला, इंग्लंडात घडलेला. अराबाने गुडघे टेकले. लाकूड एकसंध, कुठे तडा नाही. मोतिया मुलामा उन्हाने दुधाळ चहासारखा पिवळा पडलेला, पण मूळचा. म्हणजे त्याने भाव चढतो, उतरत नाही. खाऱ्या हवेने स्क्रू गंजलेले. झांजेचा एक स्टँड नंतर घेतलेला. तेवढे पैसे वजा. सगळा हिशेब तिच्या डोक्यात झाला, तेव्हा तिला दिसलं की सगळ्यात बुटका ड्रम, ज्याच्या तळाला तारांची जाळी असते तो, घोंगड्यांत गुंडाळून दोरीने बांधलाय.

"याला एवढं का बांधलंय, आई?"

सागोबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. आत आल्या नव्हत्या. "खुळखुळतो," त्या म्हणाल्या.

"खुळखुळणारच. तारा ताणलेल्या असतात खाली. रस्त्यावरून ट्रक गेला तरी थरथरतात. तुमच्या यजमानांनी सांगितलं नाही कधी?"

"त्यांनी शेवटी शेवटी बोलणंच सोडलं होतं."

अराबाने नऊ हजार सेडी सांगितले. घासाघीस झाली असती तर ती अकरापर्यंत चढली असती. पण सागोबाईंनी नुसती मान डोलावली आणि टेम्पो गल्लीतून वळेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या.

दुकानात ड्रम सुटे करून पुसले, गंज काढला, सेट काचेपाशी मांडला. लाकडं भरलेला ट्रक गेला की बुटक्या ड्रमच्या तारा झिरझिरत. दुकानाच्या कोपऱ्यात बायडू म्हातारा गिटारी दुरुस्त करत बसे. तो बोलला तरी ड्रमच्या तारा झिरझिरत.

"तुमच्या आवाजाला दाद देतोय," अराबा म्हणाली.

"चला, बायकोने नाही दिली, याने तरी दिली," बायडू म्हणाला.

मग एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, अराबाला जाणवलं की क्रम उलटा आहे. तारा आधी झिरझिरत होत्या. बायडू नंतर बोलत होता.

ती घाबरणाऱ्यांतली नव्हती. खोट असेल तर ती शोधायची आणि किमतीतून वजा करायची, हा तिचा धर्म.

"बायडू, बाहेर जा आणि तिथून काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"मनाला येईल ते."

बायडू पुटपुटत फुटपाथवर गेला. अराबा ड्रमवर वाकली. ट्रक नव्हता, वारा नव्हता. तारा थरारल्या. आवाज सावकाश चढत गेला आणि शेवटी झटक्यात तुटला. बाहेर सगळं शांत. मग बायडूचा आवाज आला:

"या बाईला आज झालंय तरी काय!"

चाल तीच. चढ तोच, तुटणं तेच.

बायडू आत आला. "काय कळलं?"

"विकून टाकायचा," अराबा म्हणाली. आणि ते म्हणताना तिच्या लक्षात आलं की तेही आधी तारांतून येऊन गेलं होतं. आपण बोलणार म्हणून तो वाजला, की तो वाजला म्हणून आपण बोललो, हे तिला सांगता येईना. दोन दिवस ती खुणांनीच काम भागवत होती.

राजधानी आक्राहून जोना लाम्प्टे आला. लग्नात, चर्चमध्ये, मिळेल तिथे वाजवणारा, गोडबोल्या तरुण. सेट बघताच त्याचे डोळे लकाकले. डोळे लकाकलेलं गिऱ्हाईक अराबाला लांबूनही कळे.

"बारा हजार, आंटी. गंज बघा केवढा."

"गंज मी पुसला. उरलाय तो तुझ्या डोळ्यांत."

बायडू फिसकन हसला. जोनाही हसला. "बरं, चौदा. यापुढे माझी आई मला घरात घेणार नाही."

अराबा ड्रमजवळ सरकली. तारा अगदी हलकेच झिरझिरल्या. जोनाचे ओठ मिटलेले होते. अराबाने झिरझिरीतला आकडा ऐकला.

"अठरा," ती म्हणाली.

जोनाचा चेहरा उतरला. "मी हेच म्हणणार होतो. कसं कळलं तुम्हाला?"

"धंदा आहे बाबा."

पैसे मिळाले. सेट व्हॅनमध्ये चढला. व्हॅन चौकातून दिसेनाशी झाली, तशी अराबाने मोठ्याने जांभई दिली, बायडूला चिडवलं, समोरच्या मासळीवालीशी उगाच भांडली. बोलायला किती मजा असते! दुपारी बायडूबरोबर तळलेला मासा खाताना तिचं तोंड क्षणभर बंद नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"आंटी, मी वाटेत मान्केसिमला थांबलोय. हा ड्रम गप्पच होत नाहीये. इंजिन बंद आहे. गाडीत मी एकटाच."

"तारा सैल कर. बाजूला खटका आहे."

"केल्या. लोंबतायत. ऐका तुम्हीच."

त्याने फोन ड्रमजवळ धरला असावा. झिरझिर आली. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. जोनाची ढब नव्हती ती. शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबणं, मग ठाम खाली येणं. बाजारात असं एकच माणूस बोलत असे, ती स्वतः.

परत घेऊन ये.

अराबाला शब्द कळले आणि ओठांवर आलेही. पण विकलेली वस्तू तिने आजवर परत घेतली नव्हती. तिने ओठ घट्ट मिटले. वर तळहात दाबला. बायडू हातातला घास तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

तिने श्वाससुद्धा सोडला नाही.

पलीकडची झिरझिर थांबली.

"बरं आंटी," जोना नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आणतो परत. पण सांगताना रडताय कशाला?"