अंबाजीच्या घरचं माणूस

दिघीच्या अलीकडचा, खाडीच्या छोट्या फाट्यावरचा पूल तुम्ही पोरं रोज ओलांडता. त्या पुलावर आमच्या दत्तात्रेय मास्तरांना जे घडलं, ते त्यांनी स्वतः मला सांगितलं. माझ्या पदरचं एक अक्षर घालणार नाही.

११ मे २०२४, शनिवार. रात्रीचे आठ वाजून गेले होते. मास्तर स्कूटर घेऊन दिघीला निघाले. काम साधं. भावकीतला हरेश्वर अलिबागहून गाडीनं पलीकडे आगरदांड्याला येणार होता. मास्तरांनी शेवटच्या फेरीबोटीनं मोठी खाडी ओलांडायची आणि एक पाकीट त्याच्या हातात द्यायचं. पाकिटात अंबाजीचं पदक होतं आणि पलटणीचा कागद.

अंबाजी म्हणजे हरेश्वरचा आजा, मास्तरांच्या आज्याचा थोरला भाऊ. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून तो इटलीला गेला आणि कॅसिनोच्या लढाईत, गारी नावाची नदी ओलांडताना पडला. मे महिनाच होता, १९४४ सालचा. तिथल्या एका गावानं ऐंशी वर्षांनी त्या शिपायांच्या घरच्यांना बोलावलं होतं. घरटी एक माणूस, तोही थेट वंशातला.

म्हणजे हरेश्वर.

मास्तरांना सलत होतं ते हेच. सहा वर्षं पत्रं कोणी लिहिली? मास्तरांनी. कचेऱ्यांत हेलपाटे घालून, अंबाजीचं नाव तिथल्या दगडावर कोरलंय हे शोधलं कोणी? त्यांनीच. दर दसऱ्याला त्या पदकावर झेंडूचं फूल ठेवलं ते मास्तरांच्या आईनं, जयमालाकाकूनं. हरेश्वरला बोलावणं येईपर्यंत आज्याचं नावही धड ठाऊक नव्हतं. आता तो नवा कोट घालून गावभर फोटो पाठवत होता. मास्तर तोंडानं शाबास म्हणायचे आणि रात्रभर कूस बदलत राहायचे.

पुलावर त्यांनी स्कूटर थांबवली. पाकीट काढलं. हात कठड्याबाहेर नेला. वाटेत पडलं, असं सांगता आलं असतं.

खाली कोणीतरी खोकलं.

काठाच्या चिखलात एक माणूस उभा होता. छातीपर्यंत भिजलेला. अंगात खाकी, खांद्यावरून पट्टे. चतुर्थीची कोर मावळतीकडे कलली होती, तेवढ्या उजेडात चेहरा दिसेना. कोणी मासे धरणारा असेल, असं मास्तरांना वाटलं. या वेळेला काय लागतंय, असं त्यांनी विचारलंही.

"घरचं कोन येनार हाय?" तो म्हणाला.

"कोणाच्या घरचं?"

"अंबाजीच्या."

मास्तरांनी हात मागे घेतला, पाकीट मुठीत आवळलं. पळायला हवं होतं. पाय हलेनात. पण त्यांनी माझ्याजवळ कबूल केलं... त्या भीतीतही हरेश्वरचं नाव जिभेवर आलं, आणि त्यांनी ते गिळलं. त्याला एवढंही मिळू द्यायचं नव्हतं.

"मी," मास्तर म्हणाले. "मीच येणार."

तो माणूस चिखलातून दोन पावलं पुढे आला.

"मग चल."

मनगटावर हात पडला. गार. तो वर आला, की मास्तर खाली गेले... आठवत नाही. पायाखाली चिखल. मग पाणी. घोट्याला... गुडघ्याला... कमरेला. मे महिन्यात एवढं थंड? पलीकडे काहीतरी गडगडत होतं. आभाळ तांबडं. मागून आणखी माणसं पाण्यात उतरत होती. कोणी बोलत नव्हतं. पाणी तोंडात गेलं.

खाडीचं पाणी... आणि गोडं.

जाग आली तेव्हा मास्तर पुलावरच होते, स्कूटरला टेकून. पहाटेचे चार. अंगावरचे कपडे कोरडे. पाकीट मुठीत, तेही कोरडं.

रात्रभर पलीकडे ताटकळून सकाळच्या पहिल्या फेरीनं हरेश्वर स्वतः आला, पाकीट घेतलं आणि तडक निघून गेला. मास्तरांनी काही सांगितलं नाही. सांगून उपयोग काय? जळतोय म्हणाला असता. आणि ते खोटं नव्हतं.

दहा दिवसांनी तो परतला. धडधाकट. पण आला तो थेट मास्तरांच्या ओटीवर. मी तिथंच बसलो होतो. त्यानं फोन पुढे केला. तिथल्या लष्करी स्मशानभूमीत, भेट देणाऱ्यांनी नाव लिहायची वही असते. तिच्या पानाचा फोटो होता.

"दत्तादादा," तो म्हणाला, "माझ्या आज्याला माझ्याआधी भेटून आलास. मला सांगावंसंही वाटलं नाही?"

मास्तरांनी आयुष्यात पासपोर्ट काढलेला नाही. त्यांनी परोपरीनं सांगितलं. हरेश्वरचा विश्वास बसला नाही. अजून तो त्यांची पायरी चढत नाही.

फोटो मी नीट बघितला. हरेश्वरच्या सहीच्या चार ओळी वर. तारीख ११ मे. मराठीत आपल्या गावाचं नाव. त्यापुढे दत्तात्रेय मास्तरांचं नाव. चाळीस वर्षं मी त्यांचं अक्षर ओळखतो. त्यांचंच होतं.

पानावरची बाकी नावं स्वच्छ. तेवढ्या एका ओळीची शाई पाण्यानं फुटलेली.