ढाळ दिलेला कोनाडा

"त्या हिरव्या टाइल्स माझ्या आहेत," मी म्हटलं.

"असतील... पण खोका माझ्या हातात आहे," तो म्हणाला, आणि वर हसला!

रत्नागिरीच्या बाजारातल्या त्या दुकानात तसल्या टाइल्सचा एकच खोका उरला होता. मी चांगला तमाशा केला. दुकानदार मध्ये पडला, तरी तो उंच माणूस खोका काही सोडेना. शेवटी त्याने विचारलं, "न्यायच्या कुठे तुम्हाला?"

"मिरकरवाड्याच्या चढावर. आप्पा सुर्व्यांकडे. मी त्यांची मुलगी."

"मग चला. मी त्यांचाच गवंडी. दादू मयेकर."

आप्पांनी एकाच कामाला दोघांना धाडलं होतं! खोका त्याच्या खांद्यावर, मी चार पावलं पुढे, आणि माझे कान गरम.

आप्पा पंचवीस वर्षं बोटीवर खलाशी होते. १९८६ साली कायमचे घरी आले ते शॉवरचं खूळ घेऊनच. नुसता शॉवर नाही, तर त्याखाली भिंतीतच साबण ठेवायला कोनाडा, आतून टाइल्स लावलेला. शेजारच्या येसूबाई म्हणाल्या, "चिऱ्याच्या भिंतीत पाण्याचा कोनाडा? चिरा पाणी पितो हो! पलीकडे तुमचं देवघर. देवांना सर्दी व्हायची."

दादू दहा वर्षं मुंबईत ठेकेदाराच्या हाताखाली राबून आला होता. स्वतःच्या नावावरचं हे त्याचं पहिलंच काम. "जमलं तर इथंच राहीन," तो म्हणाला. "नाय जमलं तर परत मुंबई."

ओळख होऊन चारच दिवस झाले होते. तरी मला एकदम कळलं, की मुंबई मला अजिबात आवडत नाही.

मग मी चहा घेऊन जाऊ लागले. दिवसातून तीनदा! तो कोनाड्यात पाणी अडवणारी पावडर घातलेला गिलावा थापीने चढवायचा, आणि कोपरे मात्र बोटाने बुजवायचा.

"कोपऱ्यांचे एवढे लाड?"

"पाणी तिथूनच शिरतं. मन लावून बुजवावं लागतं."

"आणि मन असतं का तुमचं इथे?"

"असतं ना... चहा येतो त्या दाराशी."

मी कप घेऊन पळाले. रिकामा आहे की भरलेला, तेही पाहिलं नाही.

टाइल्स बसल्या त्या दिवशी त्याने मला हाक मारली. "मालन, तळावर हात ठेव बघू. काय वाटतं?"

"थोडं... तिरकं?"

"ढाळ दिलाय, बाहेरच्या बाजूला. म्हणजे पाणी आत थांबायचं नाय." त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं. हात कुणीच काढला नाही.

आठवड्याने सगळं सुकलं, आणि आप्पा सपाटी बघायची लेव्हल-पट्टी घेऊन आले. कोनाड्याच्या तळावर ठेवताच पट्टीतला बुडबुडा एका टोकाला पळाला.

"वाकडं!" आप्पा ओरडले. "बोटीवर असलं काम केलं असतंस तर समुद्रात फेकला असता तुला! फोड ते."

"आप्पा, तो मुद्दाम..."

"मुद्दाम वाकडं? सर बाजूला!" त्यांनी हातोडा उचलला.

दादूचा चेहरा उतरला. मला त्या चेहऱ्यात मुंबईची गाडी दिसली, आणि मी सरळ कोनाड्यासमोर जाऊन उभी राहिले.

"फोडायचं नाय! शॉवर सोडा. तिन्हीसांजेपर्यंत चालू द्या. देवघराची भिंत ओली झाली तर मीच फोडीन."

आप्पांनी माझ्याकडे बघत हातोडा खाली ठेवला. आजवर मी त्यांना उलट बोलले नव्हते.

शॉवर सुटला. विहिरीवरचा पंप दिवसभर घुरघुरत होता. कोनाड्यात पडलेलं पाणी लगेच बाहेर येत होतं, आत थेंब थांबत नव्हता. तरी माझा जीव पलीकडच्या भिंतीत अडकलेला... दादू तर जेवलाही नाही.

तिन्हीसांजेला आप्पांनी देवघराच्या भिंतीला तळवा लावला. मग गाल लावला. येसूबाईंनीही चाचपून पाहिलं.

"कोरडी ठणठणीत!" आप्पा गरजले. "वाकडं नाय, शहाणपणाचं काम हाय ते! हातोडा उचलला ती चूक माझी."

"आमच्याकडं कधी येशील रे?" येसूबाईंनी लगेच विचारलं.

आप्पांनी दादूच्या पाठीवर थाप मारली. "बोल, आता काय राहिलं?"

"एक मागणी हाय, आप्पा."

"कसली? सिमेंटची?"

"मालनची."

आई तिथंच देवापुढे दिवा लावत होती. तिच्या हातातली निरांजनाची वात तशीच राहिली. आप्पांनी तोंड उघडलं, पण मला कसला धीर!

"हो!" मी म्हटलं. इतक्या मोठ्याने, की येसूबाई दचकल्या.

"विचारलं मला, आणि उत्तर हिचं!" आप्पा म्हणाले, आणि खो खो हसत सुटले. दादू माझ्याकडे बघत होता. मीही बघत राहिले, सगळ्यांदेखत.