काचेवरचा दुसरा तुकडा

आधीच सांगते, ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी कुणाची मनधरणी करायला बसलेली नाही.

आणि रात्रीचे बारा, सुनसान रस्ता वगैरे यात काही नाही. शनिवारची दुपार होती. लख्ख ऊन पडलं होतं.

जागा म्हणजे हॉस्पिटलच्या मागच्या अंगाची पॅथॉलॉजी लॅब. माझी मावशी तिथे काम करते. लॅबमध्ये तिला सगळे फौजदार म्हणतात. अंगावर आलं की शिंगावर घ्यायचं, हा तिचा स्वभाव. मावशीला भूत भेटलं असं सांगितलं, तर तिथले लोक विचारतील, "भुताला फार लागलं का?"

तिचं काम ऐकायला साधं वाटतं. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा तिच्याकडे येतो. ती तो मेणाच्या छोट्या वडीत बसवते. मग यंत्राचं चाक फिरवून त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढते. काप कोमट पाण्यावर तरंगतात. ते अलगद काचेवर उचलायचे, रंगवायचे आणि लॅबच्या मुख्य डॉक्टर मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली द्यायचे. गाठ साधी की वाईट, वाईट असेल तर कुठल्या जातीची, ते तिथे ठरतं. बाहेरून हात लावून भल्याभल्यांना सांगता येत नाही.

"पेशंट लपवेल, नातेवाईक लपवतील," मावशी म्हणते. "काच नाही लपवत."

आजी मात्र लपवण्यात पटाईत होती. मी तिला फोटोतच पाहिलंय. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे तिचं पालुपद. छातीतली गाठ तिने पोटच्या मुलींना कळू दिली नाही. शाल घट्ट ओढून बसायची. कुणी खोलीचं दार ढकललं की आतून खोकायची. एकच... छोटा, कोरडा खोकला. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

आत येऊ नका.

ती एक दिवस कोसळली, तेव्हा सगळं उघडं पडलं. डॉक्टरांनी गाठीचा चिमूटभर तुकडा काढला. कॅन्सर निघाला. पुढे काही करायला वेळच उरला नव्हता. आजी गेली आणि तो तुकडा मेणात तसाच राहिला, लॅबच्या तळघरातल्या लोखंडी कपाटात. मावशी तेव्हा शिकत होती. शिक्षण संपल्यावर तिने हट्टाने त्याच लॅबमध्ये नोकरी धरली.

मागच्या वर्षी माझ्या आईला गाठ आली. माझी आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण. गाठ लवकर सापडली, निघालीही. पण रक्ताच्या तपासणीत जनुकातला एक बदल दिसला, घातक की निरुपद्रवी ते न कळणारा. तो आजीकडून आला असेल आणि आजीची गाठही त्याच्यामुळेच झाली असेल, तर आईचे दोन्ही स्तन आणि बीजाशयं काढून टाकणं शहाणपणाचं होतं. तसं नसेल, तर एवढी कापाकापी फुकट. डॉक्टर छातीठोकपणे काहीच सांगेनात.

"तुमच्या आईच्या गाठीचा तुकडा कुठे मिळेल का?" त्यांनी विचारलं.

आई मावशीला म्हणाली, "ताई, वाईट निघालं तरी चालेल. पण मला कळू दे. न कळता मी लढू कशाशी?"

मावशी तळघरात उतरली. वडी घेऊनच वर आली.

शनिवार असल्यामुळे बाकीचे घरी गेले होते. मॅडम वरच्या मजल्यावर मीटिंगला होत्या. मावशीने भांडं घासून पाणी बदललं. यंत्राला नवं पातं लावलं. दुसऱ्या कुणाचा कणसुद्धा यात मिसळायला नको होता. तुकडा मेणात स्पष्ट दिसत होता, करडा, मसुराच्या दाण्याएवढा.

चाक फिरलं. काप निघाले. पाण्यावर पसरले.

मावशी वाकून बघते तर...

मेण होतं. मधला तुकडाच नव्हता.

तिथे भोक होतं. नेमकं त्या तुकड्याच्या आकाराचं.

होतं असं कधीकधी. जुना तुकडा वाळतो, कापताना गळून पडतो. मावशीने पाणी बघितलं, पातं बघितलं, टेबलावर बोट फिरवलं. कुठेच काही नाही. आणि वडीतला तुकडा मात्र... कमी झाला होता.

तिने पुन्हा चाकाला हात घातला.

मागे कुणीतरी खोकलं.

एकच. छोटा. कोरडा.

मावशी गर्रकन वळली. खोली रिकामी. दार सताड उघडं. बाहेर पॅसेजमध्ये उन्हाचा पट्टा पडलेला. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं... फ्रिजची घरघर बंद पडली होती. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता. रस्त्यावरच्या गाड्याही मुक्या झाल्या होत्या.

तिने चाक फिरवलं. काप पाण्यावर सोडला.

काप सरकत सरकत भांड्याच्या काठाला गेला. वारा नव्हता, धक्का नव्हता. तिथे पोचल्यावर त्याची एक कड उचलली गेली आणि तो स्वतःवरच दुमडला. कुणी शाल ओढून घ्यावी तसा.

पाणी गरम असल्याचा दिवा लागलेला होता. मावशीने बोट बुडवलं.

बर्फासारखं गार.

मावशी खोटं बोलत नाही. ती सांगते, "त्या वेळी माझी पाचावर धारण बसली. पळून जावं वाटलं." आणि पळालीही असती. पण तिची नजर वडीकडे गेली. तुकडा जवळजवळ संपला होता. टाचणीच्या डोक्याएवढी झाक उरली होती फक्त. आता सोडलं, तर धाकटीला कधीच काही कळणार नव्हतं.

मग मावशीचं डोकं फिरलं.

"आई!" ती रिकाम्या खोलीत ओरडली. "पुरे झालं हं आता! जिवंतपणी लपवलंस. आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या राहायचो आणि तू आत खोकत बसायचीस. तेव्हा मी गप्प बसले. त्यातच तू हातची गेलीस. आज नाही गप्प बसणार! तिकडे तुझी धाकटी जीव मुठीत घेऊन बसलीय. काय सांगू तिला? आईला लाज वाटते म्हणून तू मर?"

खोकला... या वेळी अगदी कानाशी.

"खोक! हवं तेवढं खोक! मी दार उघडणार म्हणजे उघडणार!"

आणि तिने चाक धरलं. चाक हलेना. तिने दोन्ही हात लावले. ते जागचं हलायला तयार नाही. मावशी रडत होती, शिव्या देत होती, पण हात सोडत नव्हती. किती वेळ ते चाललं, तिला सांगता येत नाही.

मग... कुणीतरी लांब श्वास सोडला.

बामचा वास आला. आजी लावायची तो.

चाक फिरलं. इतकं हलकं फिरलं, की पलीकडून कुणी हात दिला असावा.

फ्रिज घुरघुरायला लागला. काप कोमट पाण्यावर सपाट, शांत पडून राहिला. त्यात तुकडा होता. मावशीने तो काचेवर उचलला आणि खुर्चीत बसून पोटभर रडली.

काच रंगवून झाली, मॅडम आल्या. त्यांनी डोळा लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"फौजदार, वडीत तुकडे किती होते?"

"एकच."

"इथे दोन आहेत."

पहिला आजीचाच होता. दुसरा लांबट, सुईने काढतात तसा. एका टोकाला खाच, मधोमध वाकडी रक्तवाहिनी. त्यातही तोच आजार होता. पण नुकता कुठे सुरू झालेला.

"पाण्यात कुणाचा तरी कण राहिला असेल," मॅडम म्हणाल्या.

"पाणी मी बदललं होतं."

लॅबमध्ये या गोष्टीला फार घाबरतात. एकाचा कण दुसऱ्याच्या काचेवर चढला, की धडधाकट माणसाच्या माथी कॅन्सर बसतो. मॅडमनी त्या आठवड्यातल्या एकूण एक काचा पुन्हा बघितल्या. तसा तुकडा कुणाचाच नव्हता.

आजीच्या उरलेल्या पेशींवर तपासणी झाली. बदल तिच्याकडूनच आला होता. माझी आई एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चला, शत्रू समोर तरी आला." ऑपरेशन झालं. ती आज ठणठणीत आहे आणि पूर्वीसारखीच माझ्या मागे कटकट करते.

मग डॉक्टरांनी मावशीचंही रक्त तपासलं. तिच्यातही तो बदल निघाला. छातीच्या तपासणीत एक ठिपका दिसला. हाताला लागतही नव्हता, इतका बारीक. त्यातून सुईने तुकडा काढला. काप दुसऱ्याच टेक्निशियनने घेतले, मावशीला हात लावू दिला नाही. काच मॅडमकडे गेली.

मॅडमनी मावशीला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दार लावून घे," त्या म्हणाल्या.

"काही नको. उघडंच राहू दे. बोला."

मॅडमनी दोन काचा पुढे ठेवल्या. एक मावशीची. एक आजीची, त्या शनिवारची.

तीच खाच. तीच वाकडी रक्तवाहिनी. एकाच वडीतून लागोपाठ घेतलेले दोन काप असावेत तसे.

पण आजीची काच बनली, तेव्हा मावशीच्या अंगाला सुई लागलीच नव्हती. तो तुकडा तेव्हा तिच्या छातीत होता.

मावशीवर उपचार झाले. वेळेत झाले म्हणून ती वाचली. परत कामावर आली आणि पहिल्याच दिवशी दोघांना झापलं. मॅडम मात्र त्या विषयावर आजही बोलत नाहीत. ती काच त्यांच्या कुलुपात असते. मावशी अधूनमधून मागून घेते, मायक्रोस्कोपखाली ठेवते आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणते, "आई, अजून काही असेल तर दाखव."

आता माझी पाळी आहे. डॉक्टरांनी माझंही रक्त तपासायला सांगितलंय. मी आज-उद्या करत होते. परवा मावशीने मला लॅबमध्ये बोलावलं. माझ्यासमोर तिने काच ठेवली. नेहमीचं वाक्य म्हणाली. डोळा लावला.

काच सरकवणारा तिचा हात मध्येच थांबला.



"मावशी... तुकडे दोनच आहेत ना?"

ती उठली. भिंग पुसलं. खुर्ची माझ्याकडे ढकलली.

"बस," ती म्हणाली. "तूच बघ. आणि काही निघालं, तर आपण तिघी आहोत."

मागचं दार उघडं होतं, पळता आलं असतं.

मी खुर्ची पुढे ओढली आणि डोळा लावला.