सहासष्टची एसएल

कात्रजच्या डेअरीवरून कोंढव्याच्या रस्त्याला वळले आणि सर आली. सप्टेंबर संपत आला होता, आता कुठला पाऊस म्हणून रेनकोट घरीच ठेवलेला. समोर पत्र्याची एक शेड उघडी दिसली. विचारत बसले नाही, स्कूटर सरळ आत घातली.

आणि तिथे ती उभी होती.

गेले दोन आठवडे जिच्या फोटोंवर मी मान मोडत होते, ती. मर्सिडीजची एसएल, सन एकोणीसशे सहासष्ट. दोन सीटची, बुटकी, नाजूक. रंग पार खरवडून काढलेला, नुसता राखाडी पत्रा. हिंजवडीला आमच्या गाड्यांच्या डिझाइन ऑफिसात साहेबांनी मला काम दिलं होतं – ही जुनी एसएल आणि तिच्यानंतर आलेल्या सगळ्या एसएल शेजारीशेजारी मांडायच्या, आणि रेषा कशी बदलत गेली ते दाखवायचं. स्क्रीनवर मी तिचा प्रत्येक बाक मोजला होता. खरी गाडी मात्र पहिल्यांदाच बघत होते. न राहवून मी तिच्या मडगार्डवर तळवा ठेवला.

“अंगठी काढा आधी,” मागून आवाज आला. “आणि ओल्या हाताने पत्र्याला गंज धरतो. बाकी काही नाही, आपलंच समजा.”

मी वळले. तिशी ओलांडलेला, उंच, हातात लाकडी हातोडी. डोळे हसत होते, चेहरा अजिबात नाही.

“सॉरी. मी… मी या गाडीवर काम करतेय.”

“असं? मग गेले आठ महिने मी कोणत्या गाडीवर करतोय?”

कोपऱ्यात स्टोव्हपाशी बसलेले पांढऱ्या दाढीचे गृहस्थ मोठ्याने हसले. ते रज्जाकचाचा, शेडचे मालक. चाळीस वर्षं गाड्यांचा चेपलेला पत्रा सरळ करत आलेले. आणि हातोडीवाला त्यांचा शागीर्द, दिग्विजय.

“नाव मोठं आहे,” मी म्हणाले.

“वडिलांनी ठेवलं. त्यांना वाटलं होतं, मुलगा काहीतरी जिंकेल.”

पाऊस थांबेना. चहा झाला. मी फोनवर माझी चित्रं काढून दाखवली – सत्तरच्या दशकातली एसएल, लांब आणि आडवी. नव्वदच्या आसपासची, पाचरीसारखी, अंगाला एक सुरकुती नसलेली. मग अंडाकृती दिव्यांची. आणि शेवटी आजची.

त्याने बराच वेळ बघितलं. “ही आजची. हिला नुकतीच कोणीतरी शिवी दिलीय का?”

“म्हणजे?”

“डोळे बारीक केलेत, जबडा उघडलाय. आता आमची बघा. दिवे उभे, तोंड साधं. कोणी दारात आलं तर आधी ‘या’ म्हणेल.”

“नव्या गाड्या उगाच तशा होत नाहीत,” मला राग आला होता. “समोर माणूस आला तर त्याला कमी लागावं म्हणून बॉनेट उंच घ्यावं लागतं. उलटली तर टप खाली बसू नये म्हणून खांब जाड करावे लागतात. तुमच्या या सुंदर गाडीत अपघात झाला तर…”

“मरणार. कबूल.” त्याने टपाकडे बोट केलं. या गाडीचा टप मध्ये खोलगट आहे, कडा वर उचललेल्या, जपानी देवळाच्या छपरासारखा. म्हणून तर तिला पॅगोडा म्हणतात. “पण हे कशासाठी केलंय, माहितीये? कडेला उंची मिळाली की दार उंच होतं. आत बसताना मान वाकवावी लागत नाही. नव्या गाडीत माणूस वाचतो, पण वाकून बसतो.”

माझ्याकडे उत्तर होतं. मी ते दिलं नाही. पाऊसही कधीचा थांबला होता, तेही मी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मी मोजपट्टी घेऊन गेले. त्याच्या पुढच्या रविवारी मोजपट्टी विसरले, तरी गेले. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीतून कात्रज म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये तीन तास काढणाऱ्या मला तो फार लांब वाटेनासा झाला. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं ते कळलं नाही.

“उल्का, इकडे ये,” तो म्हणायचा. “डोळे मिट. दारावरून हात फिरव, अगदी हलका. कुठे अडखळतो ते सांग.”

मी डोळे मिटायचे. पत्रा गार असायचा. त्याचा श्वास माझ्या खांद्यामागे, पॉलिश पेपरचा वास, बाहेर उसाच्या गाडीचे घुंगरू… “इथे.”

“उंच की खोल?”

“उंच. तांदळाच्या दाण्याएवढं.”

तो तिथे खडूने खूण करायचा, आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून चार हलके ठोके द्यायचा. “आता?”

“आता नाही.”

“शाबास. स्क्रीनवर हे दिसतं का कधी?”

मला वाटायचं, हा सगळा बहाणा आहे. मला जवळ उभं करायचा. रात्री खोलीवर परतल्यावर मी माझा तळवा बघत बसायचे आणि एकटीच हसायचे.

डिसेंबरातल्या एका सकाळी चाचांनी स्टोव्हवरून चहा उतरवून स्टीलच्या पेल्यांत ओतला. मी माझा पेला हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला, इतका तो पोळला. दिग्विजयने त्याचा मुठीत धरला होता. तो बोलत होता – दोन हजारनंतरच्या एसएलचे दिवे एकमेकांत का वितळलेत, असलं काहीतरी. एक मिनिट झालं असेल. पेला मुठीतच.

“दिग्विजय… तुझा हात.”

त्याने पेला ठेवला, तळवा उलटा करून बघितला. लालभडक झाला होता. त्याने तो असा पाहिला, जणू कोणाचा तरी हात रस्त्यात सापडलाय.

चाचा उठून बाहेर गेले.

“बोटांना काही कळत नाही,” तो म्हणाला. “दीड वर्ष झालं. आता मनगटापर्यंत आलंय, आणि पायांतही सुरू झालंय. नसांचा आजार आहे. बाबांना होता. डॉक्टर म्हणाले, तोच.”

“औषध…”

“वेग कमी होतो म्हणतात. गेलेलं परत येत नाही.”

मला पहिल्यांदा काय सुचलं, ते सांगायची लाज वाटते. मला वाटलं – म्हणजे तो बहाणा नव्हता. त्याला खरंच हात हवे होते, कोणाचेही.

त्याने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. “चाचांचे हातही चांगले आहेत,” तो हळूच म्हणाला. “ते रोज इथेच असतात. मी तुला बोलवत होतो.”

त्यानंतर हसणं तसंच राहिलं, फक्त त्याच्या तळाशी आता भीती असायची. मी नसांच्या आजारावर मिळेल ते वाचत सुटले. तो मात्र विषय निघाला की गाडीकडे वळायचा. एकदाच म्हणाला, “जुन्या गाडीतलं नव्यात काय उतरलं, हे तू शोधतेस. बाबांचं माझ्यात काय उतरलं, ते मी रोज सकाळी बटणं लावताना शोधतो.”

त्याच्या आईला भेटायचं मीच ठरवलं. शेडपासून दोन गल्ल्यांवर त्यांच्या दोन खोल्या होत्या. विमलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. पुसदहून पुण्यात येऊन त्यांना पस्तीस वर्षं झाली, तरी बोलणं तिकडचंच होतं. त्यांनी मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, “लग्न करतो म्हणतेस काय त्याच्याशी?”

मी मानेनेच हो म्हटलं. असं मोठ्याने कोणी म्हटलंच नव्हतं अजून, मी स्वतःशीसुद्धा.

“हे चाळिशीत पडले,” भिंतीवरच्या यजमानांच्या, नागोरावांच्या फोटोकडे न बघता त्या म्हणाल्या. “आधी बटणं. मग घास. मग चालणं. अकरा वर्षं केलं मी. लोक म्हणायचे, विमलाबाई म्हणजे देवी. मी काही देवी नव्हती, पोरी. मी थकली. शेवटी-शेवटी तर, हे सुटले तर बरं, असं वाटायचं मले. आणि त्याहीनं ते ओळखलं होतं.”

मेथीची जुडी संपली. त्यांनी दुसरी सोडली.

“माया नव्हती काय? होती. पहिली चार वर्षं पुरली. माझा पोरगा आहे, मी म्हणायला पाहिजे, ये, कर लग्न. पण तूही कोणाची तरी पोरगीच आहेस.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “विचार करून सांग. आणि ‘नाही’ म्हणायचं असलं तर लवकर म्हण. त्याले वाट पाहायला लावू नको.”

मी विचार केला. महिनाभर तेवढंच केलं. ऑफिसात माझं सादरीकरण झालं, साहेब खूश झाले. पुढच्या टप्प्यासाठी मला तीन वर्षं जर्मनीला पाठवायची गोष्ट निघाली. मी घरी आईला फोन करून तीच बातमी सांगितली. दुसरी सांगितलीच नाही.

जानेवारीत गाडी पूर्ण झाली. सायीसारखा रंग, आत लाल चामडं. गाडीचे मालक दुसऱ्या दिवशी ती कोल्हापूरला नेणार होते. त्याआधी एक फेरी मारून बघायची होती.

“तू चालव,” दिग्विजयने किल्ली माझ्यापुढे धरली. “माझ्या पायाला आता क्लच लागत नाही.”

जुन्या कात्रज घाटाने आम्ही वर गेलो. गाडी एका लयीत वळत होती, खांब इतके बारीक की सगळी दरी आत आल्यासारखी. दुपारचं ऊन होतं. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती, आणि बघणाऱ्यांना आम्ही काय वाटत असू, ते मला कळत होतं. वर मोकळी जागा बघून मी गाडी थांबवली.

तो समोर बघत होता. खाली सगळं पुणं धुरकट पसरलेलं. मी त्याचा हात हातात घेतला, बोटांत बोटं गुंफली. तो बोलत राहिला – डावं दार अजून अर्धा मिलिमीटर बाहेर आहे, कोणाला दिसणार नाही, पण आहे. मी हात दाबला. तो दाराबद्दलच बोलत होता.

मग त्याची नजर खाली आमच्या हातांवर गेली.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“बराच वेळ झाला.”

त्याने हात सोडवला नाही, नुसता बघत राहिला. “उल्का, मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. हे तुला माहीत असावं म्हणून सांगतोय… आईने तुला सगळं सांगितलंय, तेही मला माहीत आहे. उत्तर नको.”

त्याने तसं म्हटलं खरं. पण म्हटल्यावर तो थांबला. खालून एक एसटी चढत होती. एका वळणावर दिसली, डोंगराआड गेली, पुन्हा दिसली. आमच्या शेजारून घरघरत निघून गेली, तिची धूळ खाली बसली, तरी तो थांबलेला होता. माझ्या ओठांवर शब्द होते. चारच होते. मी येणार, काहीही होवो. मला ते म्हणता आले असते. मी त्याच्यावर प्रेम करत होते आणि मला त्या अकरा वर्षांची भीती वाटत होती, आणि त्या क्षणी दोन्ही सारखंच खरं होतं.

“चल,” शेवटी तोच म्हणाला, अगदी साध्या आवाजात. “चाचा जेवायचे थांबले असतील.”

मी गाडी सुरू केली.