मॅडम खुर्ची सोडत नाहीत

जिन्याच्या वळणावर एक माणूस आडवा पडला होता आणि येणारेजाणारे त्याला खुशाल ओलांडून जात होते!

नव्या अधीक्षक मॅडमचा जीव खालीवर झाला. रुजू व्हायचं होतं उद्या, पण एकदा रुग्णालय डोळ्यांखालून घालावं म्हणून त्या कोणाला न कळवता आजच आल्या होत्या. पर्स बाजूला टाकून त्यांनी त्या माणसाचं मनगट धरलं.

"अहो… ऐकू येतंय का?"

एक डोळा किलकिला झाला. "पुढे जा ना, बाई. मी बेशुद्ध आहे."

"काय?"

"वादळाची रंगीत तालीम चाललीय. माझ्यावर छप्पर पडलंय. स्ट्रेचर येईपर्यंत मी तोंड उघडायचं नाही, असा हुकूम आहे."

"मग उघडलंत कशाला?"

"तुम्ही हात धरलात… राहवेना!"

दुसऱ्या दिवशी ओळखपरेडीत तोच माणूस खाली मान घालून उभा. रुग्णालयाचा विजेचा इंजिनियर. पटकन भडकतो आणि तितक्याच पटकन विझतो, म्हणून सगळे त्याला 'फ्यूज' म्हणत.

मॅडमनी पहिलंच काम काढलं ते तळघरातला जनरेटर गच्चीवर न्यायचं.

"आणि तळघरातला मेन स्विच?" त्यांनी विचारलं.

"तो तिथून हलवता येत नाही. पाणी शिरायच्या आत कोणीतरी उतरून बंद करायचा. त्याशिवाय जनरेटर चालू करता येत नाही."

"कोणीतरी म्हणजे?"

"म्हणजे… मी."

त्या दिवसापासून मॅडम रोज संध्याकाळी जनरेटरचं काम बघायला गच्चीवर जाऊ लागल्या. वाऱ्यानं केस विस्कटायचे. त्या चार नटबोल्टांची चौकशी करायच्या आणि उत्तर ऐकायचं राहूनच जायचं.

"मॅडम, काम त्या बाजूला आहे. तुम्ही माझ्याकडे बघताय."

"काम बिघडलं तर धरायचं कोणाला, तेच बघून ठेवतेय."

मेट्रनबाईंचे केस याच रुग्णालयात पिकलेले. त्या एकदा म्हणाल्याच, "गच्चीवर इतकं काय असतं हो?"

"वारा."

"वाराच म्हणतात होय आता!"

देवानं माणसाला मन दिलं आणि वर खुर्चीही दिली, की झालीच पंचाईत! आपल्या हाताखालच्या माणसाला मनातलं सांगायचं कसं? आणि आपल्या वरिष्ठांना विचारायचं तरी कसं? दोघं नटबोल्टांवरच बोलत राहिली.

मग एका सकाळी वादळाचा इशारा आला. वरच्या कचेरीतून फोन होता, "घाई नको. दिशा बदलेल बहुतेक."

"बदलली तर बाळांना परत खाली आणू," मॅडम म्हणाल्या. "नाही बदलली तर कुठून आणू?"

नवजात बाळांचा वॉर्ड तळमजल्यावर होता. दुपारपर्यंत काचेच्या पेट्यांसकट सगळी बाळं वरच्या मजल्यावर पोचली, मॅडमचं टेबलही. फाटकाशी पाणी दिसू लागलं आणि फ्यूज दारात येऊन उभा राहिला.

"जातो स्विच बंद करायला. माझ्या कमरेचा दोर धरून मेकॅनिक जिन्यावर उभा राहील."

"मी—"

"तुम्ही इथेच. सगळे विचारायला इथेच येतात."

दिवे गेले. यंत्रं मुकी झाली. नर्सेस हातानं फुगे दाबून बाळांना श्वास देत होत्या. मॅडमच्या टेबलाशी माणसं येत होती… ऑक्सिजन कुठून आणू? प्रसूतीचा पेशंट कुठे नेऊ? त्या एकेकाला उत्तर देत होत्या आणि ओठांत देवाचं नाव चालू होतं.

तेवढ्यात गच्चीवर घरघर झाली. लखकन् उजेड! बाळांची यंत्रं पुन्हा टिकटिकू लागली आणि अख्खा मजला ओरडला. म्हणजे स्विच बंद झाला होता. पण तो… तो काही वर येईना.

मॅडम उठल्या. पुन्हा बसल्या.

"जा ना!" मेट्रनबाईंनी त्यांचा खांदा धरला.

"मी उठले तर सगळे माझ्यामागे पळतील. पेशंट कोण बघेल? दोरावर आणखी दोन दणकट माणसं पाठवा. आत्ता."

टेबलाची कड धरून त्या बसून राहिल्या. पुढच्याला उत्तर दिलं. त्याच्या पुढच्यालाही…

आणि दारात तो! नखशिखांत चिखल, एका पायात बूट नाही.

"एवढा वेळ?" मॅडम कडाडल्या.

"पाण्यानं तळघराचं दार दाबून धरलं होतं. तुम्ही पाठवलेल्या दोघांनी बाहेरून ओढलं, तेव्हा उघडलं."

"आणि मी… मी इथे बसून राहिले."

"म्हणून तर निर्धास्त उतरलो," तो हळूच म्हणाला. "तुम्ही जागेवर असाल आणि माणसं पाठवाल, हे ठाऊक होतं. तुम्ही धावत आला असतात ना, तर मात्र घाबरलो असतो."

मॅडमनी चेहरा फिरवला, पण डोळे कोणापासून लपणार?

वादळ सरलं, पाणी ओसरू लागलं. एकही पेशंट दगावला नव्हता. उपअधीक्षक डॉक्टर वॉर्डांची फेरी संपवून आले, तेव्हा कुठे मॅडमनी खुर्ची सोडली.

"जरा बसा इथे. थोडा वेळ तुम्ही सांभाळा."

"हो, पण कोणी विचारलं तर? तुम्ही कुठे आहात म्हणून सांगू?"

मॅडमनी फ्यूजकडे पाहिलं. अख्ख्या मजल्यादेखत त्याचा चिखलानं भरलेला हात हातात घेतला.

"यांच्याजवळ."

"काही… काही काम निघालं का?" उपअधीक्षक गोंधळले.

"नाही हो," त्या हसल्या. "आता कसलंच काम नाही."

मेट्रनबाईंनी देवाला हात जोडले आणि मोकळेपणानं डोळे पुसले. आणि फ्यूजसाहेब? ते नुसते चालू लागले… एका बुटानं, मॅडमच्या पावलाशी पाऊल जुळवत.